वारा पश्चिमेचाच आहे!

हसायचं तेवढं हसा, पण चहा सांडू नका. माझी फजिती मी स्वतःच सांगतो. दुसऱ्यानं सांगितली की तो तिखटमीठ लावतो, आणि माझ्या फजितीला तिखटमिठाची गरजच नाही!

मी भूगोलाचा मास्तर. वारा कसा तयार होतो ते मी झोपेतसुद्धा सांगतो, बायकोला विचारा. ऊन पडतं, जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. मग शेजारची थंड हवा ती जागा भरायला धावते. धावली की झाला वारा! आता एवढं ज्याला येतं, त्यानं स्वतःच्या घरात काय करावं?

ऐका. हसनाबादला आमचं घर शेतातच आहे. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याच्या पोरीला, वैशालीला बघायला आष्टीचे पाहुणे येणार होते. मुलगा जालन्याला एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत. स्थळ घरात सगळ्यांना पसंत होतं. वैशालीलाही होतं, पण हे तिनं फक्त मला सांगितलेलं. "काका, तेवढं नीट होऊ द्या बरं," म्हणाली. कोणाला? मला!

आणि नेमकं त्याच दिवशी हरभऱ्याला ट्रॅक्टरवरचं थ्रेशर, म्हणजे मळणीचं मशीन मिळालं. आभाळ येऊन राह्यलेलं. मशीन थांबवलं तर हरभरा भिजणार, चालू ठेवलं तर पाहुण्यांच्या अंगावर भुसा. दादाचा जीव वरखाली!

"पाव्हणे जाईस्तोवर बंद ठिवतो," तो म्हणाला.

"बिलकुल न्हाई! घर पश्चिमेला, खळं पूर्वेला. ह्या दिवसांत वारा पश्चिमेचा. समदा भुसा तिकडं रानात जातो."

"आन् वारा फिरला मंग?"

"दादा, वारा काय आपल्या मनानं फिरतो का? पृथ्वीभर त्याच्या वाटा ठरलेल्या हायेत!"

दादानं गुपचूप बैठकीचं पूर्वेचं दार ओढलं आणि कडी घातली.

पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि वडील. वडील पांढऱ्या कडक कपड्यांत, चेहरा कपड्यांहून कडक. बसले आणि लाईट गेली. बैठकीत असं उकडायला लागलं की पाहुणे टोपीनंच वारा घेऊ लागले. आणि मी, हो मीच, उठलो आणि दादानं घातलेली कडी काढली!

दादानं माझ्याकडं असं पाहिलं की विचारू नका.

"भुसा येईल की आत," मुलाची आई म्हणाली.

"ताई, ह्या दारानं वारा बाहेर जातो, आत येत न्हाई. ते कॅलेंडर बघा."

कॅलेंडरचं पान खरंच दाराच्या दिशेनं हलत होतं. पाहुण्यांनी मान डोलावली. झालं! मास्तरापुढं मान डोलावू नये कधी. मी पाण्याचा तांब्या उचलला. "ही पृथ्वी. इथं मधोमध ऊन जास्ती. हवा तापून वर चढली, की दोन्हीकडची थंड हवा तिथं धावते. पण पृथ्वी फिरते ना? म्हणून वारा सरळ न जाता वळतो!" मी पृथ्वी फिरवली. पाणी वडिलांच्या पायजम्यावर.

वैशाली पोहे घेऊन आली, आणि तेवढ्यात कॅलेंडर हलायचं थांबलं.

वारा पडला होता. बाहेर नुसती मशीनची घरघर. मी दारातून पाहिलं तर पूर्वेला काळंकुट्ट ढग! ढगाखालची गार हवा आता तापल्या रानावरून इकडंच सुटणार. वर्गात मीच शिकवतो हो हे! उठून दार लावावं, तर आत्ताच एवढं सांगून बसलेलो. इज्जतीचा प्रश्न! मी जागचा हललो नाही.

"वारा पश्चिमेचाच आहे," मी म्हणालो. कोणी विचारलंही नव्हतं.

आणि आला! सगळं खळंच दारातून आत आलं म्हणा ना. पोह्यांत भुसा, डोळ्यांत भुसा, कडक कॉलरीच्या आत भुसा. अंगाला लागला की कशी खाज सुटते, माहीत आहे ना?

"मास्तर, दार लावा!"

"लावून राह्यलो!" पण वारं दार लावू देईना.

"चला ओ," मुलाची आई पदर झटकत उठली. "गाडी काढा. बसायची सोय न्हाई इथं."

मी वैशालीकडं पाहिलं. पोरीचा चेहरा उतरलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पत्र्यावर थेंब वाजले आणि दादा ओरडला, "हरभरा!"

वैशालीनं पोह्यांचा ट्रे माझ्या हातात कोंबला, नव्या साडीचा पदर खोचला आणि पळाली. तिच्यामागं मुलगा! ताडपत्रीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं त्यानं. वारं ताडपत्री उडवत होतं, ही दोघं सोडत नव्हती. हरभरा झाकला तेव्हा दोघांच्या अंगावर भुशाशिवाय काही दिसत नव्हतं.

मुलगा शिंकत आत आला. "बाबा, माझ्याकडून पक्कं."

वैशाली दाराआड गेली. वडील पाठ खाजवत म्हणाले, "मंग आमच्याकडून बी पक्कं. पण एक अट हाये."

दादाचा चेहरा पांढरा पडला.

"लग्नात मंडप, भट्टी, काही बी कोण्या दिशेला लावायचं, ते ह्या मास्तरला इचारायचं न्हाई."

"कबूल!" घर एका सुरात. दाराआडचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी अट पाळली. लग्नात कोणाला एक शब्द सांगितला नाही. फक्त स्वतःची खुर्ची तेवढी, आचाऱ्याच्या भट्टीचा धूर कुठं जाणार याचा नीट विचार करून मांडली.

अक्षता पडेपर्यंत माझे डोळे लालभडक, गालांवर धारा. आष्टीचे पाहुणे आजही सांगतात, "काकाचा पोरीवर केवढा जीव! पाठवणीच्या आधीच रडून घेतलं."

जीव आहेच हो. पण खुर्ची हलवली असती, तर सगळ्यांना कळलं नसतं का?