माइकवरून वाचलेलं वजन

मागच्या वर्षी हडपसरच्या आमच्या ऑफिसात ‘हेल्थ वीक’ झाला. कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर वजनकाट्यावर उभं राहायचं होतं. गोड सोडून आणि रोज जिने चढून मी मोठ्या मुश्किलीनं चार किलो उतरवले होते, म्हणून उत्साहानं पुढे झाले. एचआरच्या मॅडमनी माझा आकडा माइकवरून वाचला आणि वर म्हणाल्या, “अजून बरंच बाकी आहे हं!” लोक हसले. माझं डोकंच फिरलं.

“मॅडम, उद्या सगळ्यांचे पगारही असेच वाचू या. सुरुवात तुमच्यापासून,” मी म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. मी जागेवर येऊन रागारागानं डब्यातली कोशिंबीर संपवली. हल्ली वजन घरीच करते. ते हळूहळू उतरतंय, पण किती, हे सांगायला मी कुणाला बांधील नाही.