वजनकाट्यावरचा सत्कार

मोटारींच्या शर्यतीत नारळ आडवा येऊ शकतो, हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळलं.

आमची मुलगी रीना ऑस्ट्रेलियात शर्यतीची गाडी चालवते. वाढली इथे बहारीनला. तुबलीच्या गॅरेजात माझी गाडी नेली की मेकॅनिकच्या आधी हिचं डोकं बॉनेटमध्ये! पुढे मेलबर्नला शिकायला गेली आणि एका टीममध्ये टायर पुसता पुसता ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. यंदा तिची टीम इथल्या शर्यतीत पाहुणी म्हणून उतरली होती. टीमच्या मालकीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिल्या तिघांत आलीस तर पुढच्या वर्षी सीट तुझी, नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे.

आता माझ्याविषयी. इथल्या आमच्या मराठी मंडळात सत्कार हे खातं माझ्याकडे. कुणी रिटायर होवो, कुणाचं पोर दहावी पास होवो, शाल-श्रीफळ घेऊन मी हजर! (फोटोत मात्र माझं फक्त कोपर येतं.) मग पोटच्या पोरीला रिकाम्या हाताने भेटू? वसईच्या आमच्या वाडीतला शेंडीवाला नारळ, शाल आणि हूऱ्यातल्या दुकानातले पेढे पिशवीत भरले.

सकाळी रीनाने बजावलं होतं, "पप्पा, रेस संपल्यावर प्लीज डोन्ट टच मी. दे हॅव टू..."

"कळलं गं! लोकांसमोर लाजतेस तू!" मी तिला वाक्य पुरं करूच दिलं नाही.

शर्यत सुरू झाली. बायको फिलोमिना हातात रोझरी घेऊन पुटपुटत होती, "माऊली, पोरीला जरा सावकाश चालवायला सांग!" आणि मी शेजारी उभा राहून बोंबलत होतो, "यल्ला रीना, यल्ला! पळव!" माऊलीची बिचारीची पंचाईतच! शेवटच्या वळणावर आमची पाचवी होती. तिथे पुढच्या दोघांत धक्काबुक्की झाली आणि फटीतून रीना सुळकन पुढे. तिसरी! मी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली आणि पिशवी घेऊन धावत सुटलो.

"अहो, तिकडे जाऊ नका!" फिलोमिना ओरडली. मी ऐकतोय थोडाच!

कठड्याचं दार मेकॅनिकांसाठी उघडलं, त्यांच्या घोळक्यात मीही आत. रीनाने हेल्मेट काढलं होतं. मी खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. "पप्पा, नो..." म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि मी त्यात पेढा घातला.

शिट्टी वाजली. एक बहारीनी अधिकारी धावत आले. "मफी, बाबा, मफी! नहीं, नहीं! वजन से पहले कोई हाथ नहीं लगाने का!"

तेव्हा कुठे सकाळचं ते अर्धं वाक्य पुरं झालं. शर्यत संपली की ड्रायव्हरचं वजन करतात. ते ठरल्यापेक्षा कमी भरलं तर ती बाद. म्हणून काट्यावर चढेपर्यंत तिला कुणी काही द्यायचं नाही. आणि मी नारळ दिला होता!

मालकीणबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की वाळवंटात मला थंडी वाजली.

शाल उतरवली. नारळ काढून घेतला. रीना काट्यावर चढली. वजन बसलं, पण अगदी काठावर!

"और वो मिठाई?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"आय स्वॅलोड इट," रीना रडवेल्या आवाजात म्हणाली.

तीन अधिकाऱ्यांनी डोकी एकत्र आणली. मग माझ्या खोक्यातला दुसरा पेढा मोठ्या गांभीर्याने काट्यावर ठेवला गेला. माणसं तोलायचा काटा तो! आकडा शून्यावरून हलेना. वाकून पाहिलं, काट्याला टिचकी मारली, तरी शून्य. शेवटी त्या साहेबांनी पेढा उचलून तोंडात टाकला, सावकाश चावला आणि हात झटकले.

"खलास! तीसरा नंबर पक्का!"

मी रीनाला मिठी मारली आणि दोघंही रडलो. (आता हात लावायला हरकत नव्हती. मी विचारून घेतलं.) सीटही तिलाच मिळाली.

परवा तिने मेलबर्नहून टीमच्या दारावरचा फोटो पाठवला. तिथे माझा फोटो लावलाय. इतकी वर्षं सत्कार केले, पण मी अख्खा दिसतो असा हा पहिलाच फोटो! खाली ठळक अक्षरांत इंग्रजीत लिहिलंय, या गृहस्थांना आत सोडू नये.