न तपासलेल्या पाच पिना

दिघीचा धम्मरत्न म्हणजे चाकणच्या एका कंपनीत तपासणीतला शेवटचा शब्द. एकवीस वर्षं त्यानं पोलादी पिनांचा कडकपणा मोजला. "धम्मरत्नभाऊंनी बघितलंय ना? मग झालं!" असं लोक म्हणायचे आणि गडी आतून फुलायचा. खोटं कशाला बोला!

पण एका शनिवारी कंपनीची बस हॉर्न देत होती आणि एका लॉटमधल्या नमुन्याच्या पाच पिना कडकपणा मोजायच्या मशीनवर लावायच्या राहिल्या होत्या. यानं न लावताच नोंदीत कडकपणा म्हणून पाच वेळा 'अठ्ठावन्न' ठोकलं. रोज तेवढंच तर येतं! लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला, पिना कच्च्या. साहेब म्हणाले, तपासणीत माल कडक होता, म्हणजे पॅकिंगला सोजराबाईनंच कच्चा मिसळला. तिला घरी बसवलं. आणि हा भला माणूस तोंडाला कुलूप लावून उभा!

चार दिवस घास उतरेना. मग डोक्यात शिरलं, नोंदीत 'अठ्ठावन्न'च्या जागी 'परत तपासा' घालावं. बाईही सुटेल, आपणही. नोंदी ब्लॉकचेनवर होत्या, म्हणजे एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या संगणकी ब्लॉकमध्ये, आणि त्यांची प्रत गिऱ्हाइकाकडेही. ते काम बघणाऱ्या तनुजाला त्यानं सहज म्हणून विचारलं, जुनी नोंद बदलता येते का.

"ही सरावाची प्रत आहे काका, बदलून बघा की."

त्यानं बदललं. त्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा, पार बदलला आणि पुढचे सगळे ब्लॉक लाल झाले.

"प्रत्येक ब्लॉकमध्ये मागच्याचा हॅश असतो," तनुजा सांगू लागली, "आणि नॉन्स नावाचा एक आकडा. हॅशच्या सुरुवातीला ठरलेली शून्यं येईपर्यंत मशीन एकेक आकडा लावून बघतं. तुम्ही एक अक्षर बदललं, की जुना नॉन्स फुकट. नवा शोधा, मग पुढच्या प्रत्येक ब्लॉकचा शोधत बसा. एवढं करूनही गिऱ्हाइकाकडची प्रत वेगळीच दिसणार!" वर हसून म्हणाली, "तुमच्या खऱ्या आकड्याला आता कुणी हात लावू शकत नाही, काका."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या तोंडाकडे बघवेना. तो तसाच साहेबांकडे गेला आणि सगळं ओकला.

संध्याकाळी सोजराबाईच्या दारात त्याची मान वर होईना. "बाई, त्या पिना मी तपासल्याच नव्हत्या."



"आवं भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुमी तपासल्यात म्हनल्यावर मलाबी वाटलं, माझ्याच हातनं मिसळल्या आसतील. घरात समद्यांस्नी मी तसंच सांगितलं."