मागं जायचे चार गिअर

आमच्या लाल स्पोर्ट्स कारला मागं जायचे चार गिअर आहेत आणि पुढं जायचा एक. कंपनीनं ती तशी केलेली नव्हती. ही सुधारणा मी करून घेतली.

अंबडला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि गाड्यांचा नाद जन्मापासूनचा. बंद पडलेली ही दोन सीटची, बिनटपाची कार मी भंगारातून उचलली आणि तिच्यात एका मोठ्या जीपचं इंजिन घातलं. इंजिन इतकं दणकट, की दुकानासमोर पहिल्यांदा ॲक्सिलरेटर दाबला तेव्हाच मागून 'कडाड्' असा आवाज आला! मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो, इंजिनाचा जोर चाकांना वाटून देणारा. त्याला म्हणतात डिफरन्शियल. त्याचे सगळे दात पडले होते. (इंजिन पैलवानाचं, दात म्हाताऱ्याचे!)

"आता तरी विका," माझी बायको सुमन म्हणाली.

"विकतो कशाला? डिफरन्शियलच मोठा टाकतो!"

कारण मी आक्काला, म्हणजे थोरल्या बहिणीला, शब्द देऊन बसलो होतो. तिच्या विकासचं लग्न ठरलं होतं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाचा परण्या घोड्यावरून निघतो, तो या वेळी माझ्या गाडीतून निघणार होता.

"घोडा सांगून ठिवू का रे?" आक्का म्हणाली. "मला येकच लेकरू हाय. त्याच्या परण्याचा इचका झाला तर तुझ्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई मी."

"आक्का, असा नवरदेव भावकीत कुणी पाह्यला नसंल!"

हा शब्द मी पाळला, एवढं आधीच सांगून ठेवतो.

शहागडला हायवेवर रऊफमिस्त्री ट्रक दुरुस्त करतो. आत्मविश्वासात तो माझ्या तोडीस तोड. त्यानं एका मोडक्या पिकअपचा दणदणीत डिफरन्शियल आख्ख्या ॲक्सलसकट काढून आणला. पण तो माझ्या गाडीखाली बसेना, स्प्रिंगच्या पाट्या टेकतात त्या बैठका नेमक्या नको त्या बाजूला येत होत्या.

"उलटा करून बसव की," मी म्हणालो. "गोल वस्तूला कसलं आलंय उलटं-सुलटं?"

"बराबर हाय, भाऊ! पन तेलाचं बूच खाली येऊन राह्यलं."

"मंग वरून दुसरं भोक पाड!"

"बिलकुल!"

पाडलं. गाडी जॅकवर उचलली, गिअर टाकला आणि मागची चाकं गरगर फिरू लागली. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. ती कुठल्या दिशेनं फिरताहेत हे बघायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही! मग नव्या रंगाला धूळ लागू नये म्हणून गाडी तिथूनच टेम्पोत चढवली आणि थेट मुलीच्या गावी, कुंभार पिंपळगावला, मारुतीपुढं उतरवली. रस्त्यावर ती वीतभरसुद्धा चालवून पाहिली नव्हती. (गरजच काय? टाळ्या वाजवल्या होत्या ना!)

विकास मुंडावळ्या बांधून शेजारी बसला. हौशी पाहुण्यांनी झेंडूच्या माळांनी दोन्ही दारं अशी आवळून बांधली होती, की उतरायला कात्रीच लागली असती. पुढं बँड. त्याच्याही पुढं मांडवाच्या दारात मुलीचे वडील भानुदासराव हार घेऊन उभे. मागं मोकळा रस्ता. मी ऐटीत पहिला गिअर टाकला.

गाडी मागं निघाली.

"मामा," विकास म्हणाला, "मांडव लांब चालला!"

"गप बस. जोर कमी पडला असंल." मी दुसरा टाकला. गाडी दुप्पट वेगानं मागं! बँडवाल्यांना काही कळेना. नवरदेव जाईल तिकडं जायचं एवढंच त्यांना माहीत, म्हणून तेही वाजवत वाजवत आमच्यामागं पळू लागले.

मांडवात बोंब उठली, "नवरदेव रुसला! नवरदेव रुसला!"

आमच्याकडं नवरदेवानं रुसायची रीतच आहे. पण तो बिचारा पंगतीत रुसतो, गाव सोडून जात नाही! भानुदासराव फेटा सावरत धावत सुटले.

"जावईबापू! काय कमी पडलं?"

"काहीच न्हाई!" मी ओरडलो. बँडपुढं कुणाला ऐकू जाणार?

"अंगठी देतो!"

मी गडबडीत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला.

"मोटारसायकल देतो! पन थांबा हो!"

विकास माझ्या कानाशी लागला. "मामा, जरा अजून मागं घ्या."

मी कचकन ब्रेक मारला. भानुदासराव धापा टाकत आले, फेटा सुटलेला, डोळ्यांत पाणी. "माझी पोरगी तिथं बोहल्यावर हुभी हाय हो, पाहुणे," एवढंच म्हणाले. हौस माझी, आणि जीव त्या बापाचा चालला होता. मला फार वाईट वाटलं. आक्काही पदर खोचून धावत आली होती.

"कुणी रुसलं न्हाई, भानुदासराव," मी हात जोडले. "आम्हाला काही नको. गाडीच मागं जाऊन राह्यली!"

"न्हाई म्हनजे, मोटारसायकल..." विकास पुटपुटला. आक्कानं मुंडावळ्यांसकट त्याचा कान पिळला.

"मुहूर्त चालला!" मांडवातून कुणीतरी ओरडलं. मी परत गिअरला हात घातला, तेवढ्यात सुमन पुढं आली.

"अहो, पुढचे गिअर मागं नेऊन राह्यले ना? मंग मागचा टाका की!"

"असं कुठं असतं का?" मी म्हणालो, आणि टाकला.

गाडी पुढं निघाली! रिव्हर्स गिअर कण्हत होता, चाल बैलगाडीची, पण निघाली. मुहूर्त गाठला, अक्षता पडल्या. आक्का माझ्या उंबऱ्याला अजून पाय लावते. फक्त येताना रिक्षानं येते आणि घ्यायला येऊ नकोस म्हणून आधी बजावते.

परवा भानुदासराव धाकट्या मुलीच्या लग्नाचं आवतण घेऊन घरी आले. चहा घेतला, आग्रहानं बोलावलं. निघताना दारात थबकले.

"पाहुणे, तेवढं एस.टी.नं या."

गेलो एस.टी.नं. अंबडच्या स्टँडवर ड्रायव्हरनं बस फलाटावरून मागं घ्यायला सुरुवात केली, आणि मी सीटवरून उठून, सगळ्या बसला ऐकू जाईल असा ओरडलो, "ड्रायव्हर, घाबरू नका! रिव्हर्स टाका, पुढं जाईल!"