अठ्ठ्याण्णव

उंच पहाडातल्या बोगद्याच्या कामावर तो कंपाउंडर म्हणून अकरा महिने वर राहिला. नियम तीन महिन्यांचा होता, पण बदलीवर आलेला गडी दोन दिवसांत ओकून ओकून खाली पळाला आणि हा अडकला. रोज सकाळी मजुरांच्या बोटांना चिमटा लावायचा, प्राणवायूचा आकडा बघायचा आणि विचारायचं, डोकं दुखतं? उलट्या? झोप लागली? जो कुरकुर करील त्याची जीपमधून खाली रवानगी. जो गप्प, तो ठणठणीत. या न्यायाने सगळ्यांत ठणठणीत तो स्वतःच होता. आल्या आल्या स्वयंपाक्याशी तासन्‌तास गप्पा छाटणाऱ्या या माणसाने पुढे तोंडात मिठाची गुळणीच धरली होती. पण त्याला कोण तपासणार?

एका सकाळी रांग लागलेली असतानाच ताईचा फोन आला.

"आई गेली रे."

"उलट्या होत्या?" त्याने विचारलं. "झोप लागली होती?"

"अरे, आई गेली!"

"बरं. पाणी भरपूर दे. उद्या सकाळी परत कळव."

त्याने फोन ठेवला आणि पुढचं बोट धरलं. आणखी तीन बोटं झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं. खोलीत जाऊन तो रडू यायची वाट बघत बसला. रडू आलं नाही. मुकादमाने जीप दिली.

उतरताना त्याने चिमटा स्वतःच्याच बोटाला लावला. दोष उंचीचा आहे, खाली गेलं की सगळं भडभडून येईल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. वर दगड झालेली माणसं खालच्या नाक्यावर हमसाहमशी रडताना त्याने पाहिली होती. ब्याऐंशी. एक्याण्णव. गाव आलं तेव्हा अठ्ठ्याण्णव.

ताई दारातच उभी होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"तिथे वर असंच होतं गं, ताई," तो म्हणाला. "हवा विरळ असते. माणूस बधिर होतो. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"कळलं मला," ती म्हणाली. "आता आलास ना खाली?"

"हो."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यानेही रडू यायची वाट पाहिली. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले, दारातून बाजूला झाली आणि परक्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली,

"या, बसा."