गळू नाही, असं मी लिहिलं

माझा हात जड आहे, असं पेशंट म्हणतात. खरंच आहे ते. बरगड्यांच्या फटीतून हृदय नीट बघायचं तर इकोचा प्रोब दाबावाच लागतो. शिवाजी पेठेतल्या एका फुटबॉल गोलकीपरच्या छातीवर मी प्रोब दाबला तेव्हा तो तीन आठवड्यांच्या तापानं फणफणला होता. त्यानं मला आईवरून शिवी हासडली. माझं डोकं फिरलं.

त्याच्या हृदयाच्या झडपेवर जंतूंचे पुंजके दिसले होते. झडपेच्या कडेला थोडी जाडीही वाटत होती. तिथं पू साठतोय का, हे तोंडातून अन्ननलिकेत प्रोब घालून बघायला हवं होतं. याला पुन्हा हात लावणार नाही, असं म्हणत मी रिपोर्टात 'गळू नाही' लिहिलं आणि दार आपटून बाहेर पडले.

पाचव्या दिवशी त्याचा ईसीजी बिघडला. ठोक्यांचा इशारा नेणारी हृदयातली वायर त्या झडपेच्या कडेनंच जाते, आणि पू तिथवर पोचला होता. 

आता प्रोब तोंडातून घातला. गुंगीचं इंजेक्शन देऊनही तो लाथा झाडत होता. दातांत धरायचं प्लास्टिकचं कडं थुंकून त्यानं माझं बोट असं चावलं की हातमोजा रक्तानं भरला. मी दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाकवला. आत एक दाढ अर्धी तुटून काळी पडली होती.

"ही कशानं तुटली?" त्याचे पाय दाबून धरलेल्या थोरल्या भावाला मी विचारलं.

"मीच फोडली. फायनलला गोल सोडला म्हणून हाणला हुता."

पडद्यावर झडपेच्या बुडाशी काळी पोकळी दिसली. प्रत्येक ठोक्याला ती फुगत होती. त्याच दिवशी छाती उघडावी लागणार होती.

"त्या दाढंमुळं झालं व्हय हे?"

"दाढेतनं जंतू रक्तात गेले. तुझ्या ठोशानं भावाचं हृदय कुजलं," मी ओरडले. तो बाहेर गेला आणि भिंतीवर मुठी मारत सुटला. हाड मोडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. तरीही माझ्या रिपोर्टानं वाया गेलेले चार दिवस मी त्याला सांगितले नाहीत.

गोलकीपर वाचला. सहा महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा भाऊ दाराबाहेरच उभा होता, आत यायला तयार नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. मी बाहेर जाऊन सगळं सांगितलं. शिवीचा राग, खोटा रिपोर्ट, वाया घालवलेले दिवस.

त्याचा चेहरा तांबडालाल झाला. उजवा हात वर गेला. मी जागची हलले नाही. पण मूठ वळेना; दोन बोटं ताठच राहिली होती. तो त्या बोटांकडे बघत राहिला आणि मग हात खाली आला.

"आत जावा, मॅडम," तो म्हणाला. "आन् आज त्यानं शिवी दिली तरी नीट बघा."