अविवाहित पुरुष, वय सेहेचाळीस

तमाम तीर्थपुरीकरांस कळविण्यात येते की, सदर इसमाची मानसशास्त्राच्या अभ्यासासाठी निवड झालेली आहे. दवंडीच पिटणार होतो, पण हलगीवाला मिळेना.

जालन्याच्या कॉलेजात एम.ए. करणाऱ्या एका मुलीला केस स्टडीसाठी माणूस हवा होता. गावात राहणारा, वय उलटलेला, बिनलग्नाचा. हा माल आमच्याकडे मुबलक. तिनं मला निवडलं, कारण बाकीचे बोलत नाहीत आणि मी थांबत नाही.

"काका, तुम्ही एकट्यानं सांगून भागत नाही. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांना विचारून ताडून पाहावं लागतं."

"विचार की," मी म्हणालो.

एका रविवारी ती आणि तिच्या मॅडम आमच्या गल्लीत दारोदार फिरल्या. स्वभाव कसा? व्यसन आहे का? आईशी कसा वागतो? आमच्याकडे परगावच्या बाया असं विचारतात ते एकाच कामासाठी. आणि वैरी असला तरी त्याची सोयरीक मोडेल असा शब्द कुणी काढत नाही.

बांधावरून ज्याच्याशी माझा अंबडच्या कोर्टात दावा चालू आहे, तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "बिलकुल सोन्यासारखा माणूस. सुपारीचं खांड खात न्हाई." मी मागंच उभा, गालात सुपारी.

माझ्याशी अबोला धरलेली चुलत वहिनी म्हणाली, "आमचे भाऊजी म्हंजी निस्ती गाय!"

मुलगी लिहून घेता घेता थबकली. "काका, सगळ्यांना इतके आवडता, मग एकटे कसे?"

मी खो खो हसलो. गल्ली माझ्यासाठी खोटं बोलायला कधीपासून तयार बसली होती. पण मुलीकडचे गल्लीपर्यंत आलेच नाहीत. मुलगा गावात राहतो, खताचं दुकान आहे, एवढं ऐकून फोनवरच नको म्हणायचे.

शेवटी आमच्या घरी आल्या. कॉलेजातून बाया येणार, असं मी आईला सांगितलं होतं. बाकीचं गल्लीनं सांगितलं. आईनं ठेवणीतलं लुगडं नेसून पोहे केले होते. माझ्याच वयाच्या त्या मॅडमच्या मोकळ्या गळ्याकडे ती सारखी बघत होती.

"रागावत न्हाई. सैपाकाला हात लावतो," आई न विचारता सांगू लागली. "अन् सुनेला मी काईच बोलणार न्हाई. ती म्हणंल तसं."

मुलीचा पेन थांबला. मॅडमनी बशी खाली ठेवली, आईचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात सगळं समजावलं. आम्ही स्थळ घेऊन आलो नाही, हा अभ्यास आहे. यांचं नाव, गावाचं नाव, काहीच छापणार नाही. वाचणाऱ्याला हे कोण ते कळणारही नाही.

आईनं हात सोडवून मॅडमच्या बशीत आणखी पोहे वाढले. मी काहीतरी विनोद शोधत होतो, सापडेना. तेवढ्यात तीच बोलली,

"नाव न्हाई ना टाकणार? मंग त्याचं लगीन झालं म्हनून लिहा की, बाई."